टाकी साफ, रान पिवळं

मका काढणाऱ्या हार्वेस्टरमध्ये बिघाड असा फारसा नसतोच. असतं ते 'सेटिंग'. बिघाड परवडला. तुटलेला बोल्ट तुटलेला दिसतो, बदलला की विषय संपतो. सेटिंगवर मात्र प्रत्येकाचं मत असतं, आणि मत द्यायला हातात पाना धरावा लागत नाही.

आमच्याकडे कामाची वाटणी सरळ आहे. दादा वर केबिनमध्ये बसतो, मी मागून चालतो. त्याच्यासमोर काच, थंड हवा आणि टाकीत धो धो पडणारा मका. माझ्यासमोर धूळ, ताटांचे खुंट आणि मागून उडणारा पालापाचोळा. त्याला टाकी दिसते, मला जमीन.

"बघ, काय माल पडतोय!" तो वरून ओरडतो.

"इथं खाली येऊन बघ काय पडतंय!"

"टाकी साफ आहे ना? मग झालं तर!"

टाकी साफ असणं ही या कामातली सगळ्यात गोड फसवणूक. पंखा जोरात सोडला की टाकीत एक काडी सापडत नाही, कारण काडीला सोबत म्हणून दाणेही मागून बाहेर गेलेले असतात.

मग मी गुडघ्यावर बसतो. एक चौरस मीटर जागा आखायची, पाला बाजूला सारायचा आणि दाणे मोजायचे. 20 दाणे निघाले तर हेक्टरी साठेक किलो मका जमिनीला दान. हिशेब साधा आहे: हेक्टरात 10 हजार चौरस मीटर, म्हणजे 2 लाख दाणे, आणि एका दाण्याचं वजन धरा 0.3 ग्रॅम. हा हिशेब दादाला पटतो, पण केबिनमधून उतरण्याइतका नाही. रानात रांगत काहीतरी वेचणाऱ्या माणसाकडे लांबून बघणाऱ्याला वाटतं, याची अंगठी पडली असणार. एकदा दोघं जण शोधायला मदतीलाही आले. दाणे मोजतोय म्हटल्यावर त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि काही न बोलता निघून गेले.

दाणे पडले हे कळून भागत नाही, ते पडले कुठून हे शोधावं लागतं. त्यासाठी मशीन भर पिकात जागच्या जागी थांबवायचं, थोडं मागे घ्यायचं आणि तीन ठिकाणी बघायचं: पुढे उभ्या पिकात, हेडरखालून (हेडर म्हणजे मशीनचा पुढचा, कणसं तोडणारा भाग) निघालेल्या जमिनीच्या पट्ट्यात आणि मशीनच्या मागे. उभ्या पिकात जी कणसं आधीच गळून पडलीत, त्यांचा खून मशीननं केलेला नसतो. पण मशीनला तोंड नाही, म्हणून त्याचं वकीलपत्र मी घेतो.

हेडरखाली दाणे दिसले की संशय जातो हेडरमधल्या पट्ट्यांवर. खालचे रोलर ताट खाली ओढतात, वरच्या दोन पट्ट्यांमधल्या फटीतून ताट निसटतं, कणीस अडकतं आणि तुटतं. सगळा खेळ त्या फटीचा. साधारण 30 ते 32 मिलिमीटर, पुढे किंचित अरुंद आणि मागे जरा रुंद. फट जास्त झाली की कणसाचा बुडखा थेट रोलरला भिडतो. असं कणीस हातात घेऊन बघावं: वर दाण्यांच्या ओळी शाबूत, शिस्तीत, नेहमीप्रमाणे सम संख्येत, आणि बुडाशी कुणीतरी घाईत चावा घेतल्यासारखी जागा. फट कमी केली तर ताटं मोडतात आणि निम्मं रान मशीनच्या पोटात जातं.

शेजारचे अण्णा अशा वेळी हजर असतातच. "रुंद करा," ते म्हणतात. का, असं विचारलं की म्हणतात, "करून तर बघा."

पुस्तिकेकडे वळावं तर तिथं वेगळीच गंमत. दाणे फुटत असतील तर ड्रमचा, म्हणजे कणसाचे दाणे सोडवणाऱ्या फिरत्या भागाचा, वेग कमी करा. दाणे कणसाला चिकटून राहत असतील तर वाढवा. आमच्याकडे दोन्ही एकाच वेळी चालू असतं. याला खरं तर कारण असतं: ड्रमखालची जाळी एका बाजूला जवळ आणि दुसऱ्या बाजूला लांब बसलेली असते. किंवा दाण्यातली ओल 25 टक्क्यांच्या वर असते, मग दाणे सुटायच्या आधी चेचतात. किंवा मशीन अर्धपोटी चालत असतं. ड्रममध्ये कणसावर कणीस घासायला माल पुरत नाही आणि सगळा मार दाण्यांनाच बसतो. अशा वेळी थोडं वेगानं चालवणं हा उपाय असतो. हा एक उपाय दादा लगेच मान्य करतो.

खरी साक्ष मागे पडलेल्या रिकाम्या कणसाची. ते अख्खं किंवा दोन-तीन तुकड्यांत निघालं तर ठीक. चिंधड्या झाल्या असतील तर जाळी फार जवळ आलीय. नियम असा की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आमच्याकडे मी जाळी सैल करत असतो तेव्हा दादानं पंख्याचा वेग उतरवलेला असतो आणि अण्णांनी चाळणी उघडलेली असते. मग गळती कमी होते. कशामुळे, ते देवालाही सांगता येणार नाही, पण श्रेय घ्यायला तिघंही तयार.

एका बाबतीत मात्र मी चेष्टा चालू देत नाही. रोलरमध्ये ताटं अडकली की इंजिन बंद, आणि किल्ली माझ्या खिशात. ते रोलर सेकंदाला तीन-साडेतीन मीटर वेगानं ताट आत ओढतात. ताट हातातून सोडायचं मनात येईपर्यंत हात आत गेलेला असतो. दादा वर बसून "किल्ली, किल्ली" करत स्टिअरिंगवर बोटं वाजवतो. वाजवू दे.

एवढं सगळं जुळेपर्यंत दुपार होते. सकाळच्या दवानं चिवट असलेली ताटं उन्हानं कडकडीत होतात, काडकाड मोडायला लागतात, आणि सकाळचं सेटिंग दुपारी कुणाच्या कामाचं राहत नाही. मी परत गुडघ्यावर.

"किती?" दादानं वरून विचारलं.

"नऊ."

"मग चल!"

अण्णा वाकले, पाला जरा उकरला आणि म्हणाले, "दहा आहेत."