फोटोपुरतीसुद्धा नाही

आज एका बारशात आमच्या साडेचार वर्षांच्या लेकीला फोटोसाठी उभे केले आणि नात्यातल्या एका बाईंनी मला न विचारता तिच्या चष्म्याखालची डोळ्यावरची पट्टी सोलून काढली. वर मलाच म्हणाल्या, "फोटोपुरती गं! एवढ्याशा जिवाला काय हे ध्यान करून ठेवलंस!" एकदा सोललेली पट्टी पुन्हा नीट चिकटत नाही आणि कातडी लाल होते ती वेगळीच.

ती पट्टी चांगल्या, म्हणजे उजव्या डोळ्यावर असते, हे अजून निम्म्या घराच्या गळी उतरलेले नाही. तिच्या डाव्या डोळ्याचा प्लस नंबर बराच मोठा आहे, उजव्याला जवळजवळ नाहीच. त्यामुळे डाव्याकडून येणारे धूसर चित्र मेंदूने विचारात घेणेच सोडून दिले होते. डॉक्टर याला आळशी डोळा म्हणतात. चष्म्याने चित्र स्पष्ट होते, पण मेंदूने ते वापरावे म्हणून उजवा डोळा रोज काही तास झाकावा लागतो, आणि वयाच्या सात-आठ वर्षांच्या आत हे जितके साधते तितके पुढे साधत नाही.

"पण तिला तर सगळं दिसतं!" असे सांगणाऱ्यांनी त्या दिवशी तपासणीच्या खोलीत असायला हवे होते. डॉक्टरांनी तिचा डावा डोळा तळहाताने झाकला, तेव्हा ती माझ्या मांडीवर बसून तक्त्यावरचे सफरचंद, घर खुशाल ओळखत होती. उजवा झाकला मात्र, आणि तिने दोन्ही हातांनी त्यांचा हात ढकलला, मान वाकडी करून बोटांच्या फटीतून पाहू लागली आणि शेवटी भोकाड पसरले. तोवर तिने एकदाही तक्रार केली नव्हती. करणार तरी कशी? एका डोळ्याने तिचे सगळे भागत होते.

मोबाइलचे म्हणाल, तर तो कमी द्यावा आणि मुलांना उन्हात खेळू द्यावे, हे मान्य. पण हा नंबर मोबाइलने आलेला नाही आणि गाजराने जाणार नाही. तपासणीचा त्रास होतो, हेही खरे. लहान मुले नजरेचा जोर लावून प्लस नंबर झाकून टाकतात, म्हणून तो जोर सैल पाडणारे ॲट्रोपिनचे मलम आधी तीन दिवस डोळ्यांत घालावे लागले. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या, ऊन सोसेना, आठवडाभर चित्रांचे पुस्तक धूसर दिसत होते. तेवढे सोसले, कारण तो हात ढकलणारी पोर मी पाहिली होती.

त्या बाईंच्या मायेबद्दल मला शंका नाही. माझ्या बाळंतपणात रात्र रात्र जागल्या आहेत. तरीही फोटोंची एवढी हौस असेल, तर फ्लॅशच्या फोटोत कुणा बाळाच्या डोळ्याच्या बाहुलीत पांढरी चमक दिसते का, ते पाहावे. तशी चमक दिसली, तर पुढच्या आठवड्यावर न ढकलता डॉक्टर गाठावा, कारण क्वचित ती डोळ्यातल्या गाठीची खूण असते.

अंगणवाड्या आणि सरकारी शाळांतल्या मुलांची तपासणी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात होते. आपली खासगी बालवाडीतली मुले त्यातून सुटतात, तेव्हा शाळाप्रवेशाआधी त्यांना आपणच न्यायचे आहे, आणि तेही लहान मुलांचे डोळे तपासणाऱ्या डॉक्टरांकडे. पुण्यात कुणाला पत्ता हवा असल्यास मला मेसेज करावा. पट्टी रडारड न होता कशी लावावी, तेही सांगेन.