हप्ता उतरला, कर्ज मात्र फुगले

आमचा कट्टा अमेरिकेतला असल्यामुळे तेथे पगाराच्या खालोखाल शैक्षणिक कर्जाचा विषय हमखास निघतो. या खेपेस एका मित्राने आपली जुनी खासगी कर्जे एकत्र करून घेतलेल्या ४२,००० डॉलरच्या नव्या कर्जाचे कागद आणले होते. मंजुरीपत्रात ७ टक्के स्थिर व्याज, १२० हप्ते आणि दरमहा सुमारे ४८८ डॉलर असे स्वच्छ छापलेले होते. खात्यावर मात्र व्याज ७.२५ टक्के, हप्ते १८० आणि दरमहा ३८३ डॉलर दिसत होते. हप्ता शंभराने उतरला म्हणून गडी सुरुवातीला खूश होता. एकूण परतफेड ५८,५०० वरून ६९,००० डॉलरवर गेल्याचे शेवटच्या रकान्यापर्यंत नजर पोहोचल्यावरच त्याच्या ध्यानात आले.

बँकेत काम करणाऱ्या मित्राला यात भांडण्यासारखे काही दिसेना. "खासगी शैक्षणिक कर्ज मुदतीआधी फेडल्यास दंड घ्यायला कायद्यानेच बंदी आहे. तू दरमहा ४९३ डॉलर भर, दहा वर्षांत मोकळा होशील. आणि एखाद्या महिन्यात ओढाताण झालीच, तर ३८३ वरही निभावेल."

"सोय चांगली आहे, पण ती निवडायची कोणी? त्याने की कंपनीने?" वकिली करणाऱ्या मैत्रिणीने विचारले. तिचे म्हणणे असे होते की, कर्जाच्या अटी कर्जदाराला स्पष्ट कळवायला लावणाऱ्या अमेरिकेच्या ट्रुथ इन लेंडिंग कायद्यात २००८ साली झालेल्या दुरुस्तीनुसार अशा कर्जासाठी अर्जाच्या वेळी, मंजुरीच्या वेळी आणि स्वीकारानंतर असे तीन वेळा अटींचे लेखी निवेदन द्यावे लागते. मंजुरीनंतर कर्जदाराला विचार करायला ३० दिवस मिळतात आणि तेवढ्या काळात, बदलता व्याजदर ज्याला बांधलेला असतो तो निर्देशांक हलण्यासारखे मोजके अपवाद सोडल्यास, कंपनीला अटी बदलता येत नाहीत.

मित्राने मंजुरीच्या आठवडाभरातच होकार कळवला होता, आणि त्यानंतर आलेल्या अंतिम निवेदनात १८० हप्ते होते. बँकवाल्याने नेमके तेथे बोट ठेवले. "अंतिम निवेदनानंतर कर्ज रद्द करायला कामकाजाचे तीन दिवस मिळतात. त्या तीन दिवसांत तू तो कागद उघडलाही नाहीस, याला कंपनी काय करणार?"

हा टोला वर्मी लागला, तरी मला तो मुद्द्याला सोडून वाटला. रद्द करण्याचा हक्क कर्जदाराच्या संरक्षणासाठी असतो. तो वापरला नाही म्हणून कंपनीचा बदल आपोआप वैध ठरत नाही. वकिलीणबाईंना धास्ती वेगळीच होती. कर्जदाराने स्वतः वेगळी मुदत मागितली, तर तसा बदल करण्याची मुभा कंपनीला असते. त्यामुळे पंधरा वर्षांचा पर्याय तूच निवडलास, असे कंपनी म्हणणार हे गृहीत धरून, ती विनंती कधी, कोणत्या पडद्यावर आणि कोणाच्या नावे नोंदली गेली याचा पुरावा आधी मागायला हवा.

पाव टक्क्याच्या वाढीवरून मात्र दोघांचे चटकन जमले. मंजुरीपत्रातला दर खात्यातून आपोआप हप्ता वळता होण्याची सवलत धरून होता, आणि जुन्या कर्जांसाठी दिलेली परवानगी नव्या खात्याला लागू पडली नव्हती. ती नव्याने द्यायची, सवलत सुरू करून घ्यायची आणि तक्रारीत या गोष्टीचा उल्लेखही करायचा नाही. नाहीतर कंपनी सोप्या प्रश्नाचे लांबलचक उत्तर देऊन मुदतीचा प्रश्न गिळून टाकील, हे बँकवाल्याने अनुभवाने सांगितले.

हप्ते थांबवून कंपनीला ताळ्यावर आणण्याची मित्राची खुमखुमी दोघांनीही मोडून काढली. कर्जावर त्याच्या मोठ्या बहिणीचीही सही आहे, त्यामुळे थकबाकीचा डाग दोघांच्या क्रेडिट अहवालावर पडला असता. ठरले ते असे की, पत्र कर्ज देणाऱ्या कंपनीला आणि हप्ते गोळा करणाऱ्या कंपनीला वेगवेगळे पाठवायचे, दोन्ही निवेदनांच्या प्रती जोडायच्या आणि १२० हप्त्यांची मुदत पूर्ववत करण्याची एकच मागणी करायची. दाद मिळाली नाही, तर ग्राहक वित्तीय संरक्षण ब्युरो या अमेरिकी सरकारी संस्थेकडे तक्रार करायची. तेथून गेलेल्या तक्रारीला कंपन्यांनी साधारण १५ दिवसांत उत्तर देणे अपेक्षित असते, आणि गुंतागुंत असल्यास ६० दिवसांपर्यंत. ब्युरो कोर्टासारखा निवाडा देत नाही, हे मैत्रिणीने बजावून सांगितले. तिने पुढे करारातले लवादाचे, म्हणजे वाद कोर्टाऐवजी खासगी मध्यस्थाकडे सोपवण्याचे, कलम शोधायला घेतले आणि मित्राला मुद्दलाचा पहिला हप्ता कोणत्या तारखेला देय होता ते विचारले, कारण ट्रुथ इन लेंडिंग कायद्याखाली दावा लावायचा झाल्यास वर्षाची मुदत त्या तारखेपासून मोजली जाते.