चटणीचा डबा आणि चोवीस डॉक्टर

रविवार, मटण शिजलेलं, तांबड्याला फोडणी पडायची आणि आतनं ऑर्डर आली, "अहो, चटणीचा डबा द्या तेवढा." (पुण्याच्या वाचकांसाठी: आमच्यात चटणी म्हणजे कांदा-लसूण चटणी, उन्हाळ्यात डंकावर कुटून आणून वर्षभराची भरून ठेवलेली.) कसला डबा विचारलं तर म्हणे लाल झाकणाचा, बुटका, समोरच हाय.

समोर लाल झाकणाचे उंच डबे आणि निळ्या झाकणाचे बुटके डबे, सगळी वरातीसारखी गर्दी. आता नुसतं लाल म्हटली असती आणि लाल एकच असतं तर ते आपोआप डोळ्यात भरलं असतं, ॲन ट्रीझमन नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी हे १९८० सालीच मांडलंय, पण लालही पाहिजे आणि बुटकंही पाहिजे म्हटलं की नजर एकेका डब्यावर नेऊन टेकवावी लागते. त्यात डोळ्याला एका वेळी नीट दिसतं ते हात लांब केल्यावर अंगठ्याच्या नखाएवढंच, बाकी सगळं अंदाजपंचे. उघडत गेलो. रवा. शेंगदाणे. परत रवा. एकात राख्या, कुठल्या सालच्या देव जाणे.

"काय करालाय काय आत?"

मी तिथनंच सांगायला लागलो की २०१३ साली छापलेल्या एका प्रयोगात चोवीस रेडिओलॉजिस्टना फुफ्फुसाच्या सीटी स्कॅनमधल्या गाठी शोधायला लावल्या आणि एका स्कॅनमध्ये मुद्दाम गोरिलाचं चित्र घातलं, गाठीच्या ४८ पट मोठं, तरी वीस जणांना तो दिसला नाही, आणि त्यातले निम्म्याहून जास्त तर थेट त्याच्यावरच नजर रोखून होते, कारण डोक्यात गाठी...

"मला गोरिला नको, चटणी द्या. रस्सा आटालाय."

शेवटी स्वतःच आली आणि एक सेकंदात हात घातला पांढऱ्या आईस्क्रीमच्या डब्याला. तो मी मागचं बघायला म्हणून तीन वेळा उचलून बाजूला ठेवला होता, वासपण आला होता खरं तर, पण आईस्क्रीमचा डबा म्हटल्यावर कोण हुंगतंय.

"लाल झाकणाचं काय झालं?"

"ते दिवाळीतच फुटलं की."

जेवण झाल्यावर मी मार्कर घेऊन त्या डब्यावर मोठ्या अक्षरात 'चटणी' लिहून ठेवलं. परवा भडंगासाठी उघडला, आत साबुदाणा.