क्लास कशाला? एक केस वाढवा की!

बिलिंगचा प्रोग्रॅम लिहिताय? छान. मालाचे प्रकार दिसले रे दिसले की स्विच टाका: प्रत्येक प्रकाराला वेगळी वाट, एकेक वाट म्हणजे एकेक केस. कच्चं कास्टिंग किलोवर, म्हणून केस १. मशिनिंग केलेलं नगावर, म्हणून केस २. झालं डिझाइन.

हाच स्विच किंमत काढताना, चलन छापताना, ई-वे बिल (माल गाडीनं नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) करताना, स्टॉकच्या रिपोर्टात, सगळीकडे चिकटवा. कॉपी-पेस्टला जीएसटी नाही.

डिफॉल्टमध्ये, म्हणजे कुठलीच केस जुळली नाही तर, शून्य परत करा. एक्सेप्शन फेकलं, म्हणजे चूक सांगून प्रोग्रॅम थांबवला, तर गिऱ्हाइकाचा फोन येतो. शून्य दिलं तर कुणाला कळतच नाही.

परवापर्यंत आम्हालाही कळलं नव्हतं. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीनं पंपाचे सेट विकायला काढले: केसिंग, इंपेलर, सगळं एकत्र. म्हणजे केस ३. किंमतीच्या स्विचमध्ये ती वाढवली, बिल अगदी बरोबर छापलं. ई-वे बिलाच्या फाइलीतला स्विच राहिला. तिथं डिफॉल्ट, म्हणून मालाची किंमत शून्य. ई-वे बिल लागतं ५०,००० रुपयांच्या वर. शून्य काही तेवढं नाही, सबब आमच्या हुशार प्रोग्रॅमनं ठरवलं, गरज नाही! गाडी निघाली कोल्हापूरला. सीमेवरची कोगनोळी ओलांडली आणि अडवली. दंड कराच्या दुप्पट. कर १८ टक्के, म्हणजे मालाच्या किमतीच्या ३६ टक्के गेले. मालक फोनवर मला विचारतोय, "काय करून ठेवलाय ओ हे?" मी करून ठेवलंय? ज्यानं हे लिहिलं तो केव्हाच पुण्याला गेला. हिंजवडीत आर्किटेक्ट आहे म्हणे!

अहो, किंमत मालालाच विचारा ना! 'माल' हा इंटरफेस करा, म्हणजे प्रत्येक मालाला काय आलंच पाहिजे त्याचा करार; त्यात 'किंमत' ही मेथड, म्हणजे ते काम. मालाच्या प्रत्येक प्रकाराचा आपला क्लास, आणि किंमत काढायची रीत त्यातच. कच्चं कास्टिंग वजनाला दरानं गुणेल, मशिनिंग केलेलं नग मोजेल, सेट आपल्यातल्या एकेका भागाला किंमत विचारून बेरीज करेल. ई-वे बिलाच्या कोडला पुढ्यात कोण आहे ते कळायचं कारणच काय? उद्या चौथा प्रकार आला तर चौथा क्लास. त्यात किंमत लिहायची राहिली तर कंपायलर, म्हणजे कोड चालवण्याआधी तपासणारा प्रोग्रॅम, पुढं जाऊ देत नाही. हीच युक्ती व्हर्च्युअल प्रोसीजर या नावानं सिम्युला ६७ या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत होती, काल निघालेलं नाही हे.

डेटाबेसमधला प्रकाराचा आकडा वाचून योग्य क्लास बनवायला एक स्विच लागतो. तो असू दे, पण एकच. आणि स्विचचा एवढाच लळा असेल तर जावा २१ मध्ये सील्ड इंटरफेसवर (ज्याचे प्रकार आधीच ठरवून दिलेले असतात) लिहा, केस सुटली की कंपायलर ओरडतो. फक्त डिफॉल्ट घालून त्याचं तोंड बंद करू नका.

आळशी आहात तुम्ही, दुसरं काही नाही. एक क्लास लिहायला दहा मिनिटं लागतात. ती वाचवायची तुमची, आणि दंड भरायचा फाउंड्रीवाल्यानं? आज ऑफिसात गेलात की 'डिफॉल्ट' शोधा. शून्य परत करणारा एकूण एक काढून टाका. आधी तेवढं करा, मग चहाला जा.