लिनक्ससाठी गेमिंग लॅपटॉपच घ्या म्हणे, कुणी सांगितलं?

काल मावसभावाचा नांदेडहून फोन, दादा सेकंडहँड लॅपटॉप फायनल केला, जीटीएक्स १०५० हे एनव्हिडिया कंपनीचं गेमिंग ग्राफिक्स कार्ड असलेला, हजार रुपये टोकन पण दिलं. अरे तुला सी आणि पायथनमध्ये प्रोग्रामिंग शिकायचंय, एवढं कार्ड कशाला? तर म्हणे विंडोजऐवजी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकायचीय ना, तिला लागतं. आणि पुरावा म्हणून तोच व्हॉट्सॲप फॉरवर्ड पाठवला जो मला आधीच तीन ग्रुपवर आलाय. लिनक्सला एनव्हिडियाचं दमदार कार्ड हवं, विंडोज ११ न चालणारं मशीन भंगार, लिनक्सवर वायफाय चालत नाही, प्रिंटर तर नाहीच नाही.

कार्डाचं आधी, कारण यात पोरांचे पैसे जातायत. सगळं उलटं सांगितलंय! इंटेलच्या प्रोसेसरमधल्या इनबिल्ट ग्राफिक्सचा ड्रायव्हर (म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर) लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच असतो, वेगळं काही टाकावं लागत नाही. एनव्हिडियाचा ड्रायव्हर वेगळा टाकायचा आणि जुन्या कार्डांचा सपोर्ट कंपनी कधी ना कधी बंद करते. हे मी मनाचं सांगत नाही, एनव्हिडियानेच २०२५ मध्ये जाहीर केलंय की मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टा या जुन्या पिढ्यांच्या कार्डांना चालणारी ५८० ही शेवटची ड्रायव्हर सिरीज. १०५० पास्कलच आहे. उद्या नव्या कर्नलवर तो ड्रायव्हर बसला नाही की उरतो नूवो हा ओपन सोर्स ड्रायव्हर, आणि त्याला पास्कलचा क्लॉक (चिपचा वेग) वाढवताच येत नाही, म्हणजे ज्या स्पीडचे पैसे मोजले तो स्पीडच गायब.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं. ११ ला इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर लागतो हेही खरं. पण ही अट मायक्रोसॉफ्टची आहे, लिनक्सची नाही. मी हे टाईप करतोय तो थिंकपॅड टी४७० लॅपटॉप सातव्या जनरेशनचाच आहे, त्यावर मिंट हा लिनक्सचा प्रकार मस्त चालतोय.

वायफायचं अर्धं खरं आहे, मान्य. ब्रॉडकॉम कंपनीचं वायफाय कार्ड निघालं तर वेगळ्या ड्रायव्हरसाठी आधी मोबाईलचं नेट यूएसबीने जोडा वगैरे उद्योग करावे लागतात. मग इंटेलचं कार्ड बघून घ्या ना! मिंट टाकलेला पेनड्राइव्ह खिशात घालून दुकानात जायचं, सुरू होताना एफ१२ (काही कंपन्यांत दुसरं बटण) दाबून लॅपटॉप त्याच्यावरून चालू करायचा, काही इन्स्टॉल न करता टर्मिनलमध्ये (कमांड टाईप करायच्या खिडकीत) lspci ही आत कोणती कार्डं आहेत ते दाखवणारी कमांड मारायची, नेटवर्क कंट्रोलरपुढे इंटेल वायरलेस ८२६५ असं काही दिसलं की निम्मं काम झालं. तिथेच हॉटस्पॉटला जोडा, आवाज ऐका, झाकण मिटून उघडा, झोपलेलं मशीन नीट जागं होतं का बघा.

प्रिंटर? कॅननचा एलबीपी २९०० हा प्रिंटर लिनक्सवर डोकं खातो, कबूल. म्हणून सगळेच प्रिंटर बाद होत नाहीत.

आणि खरी भीतीची गोष्ट फॉरवर्डमध्ये नाहीच. कंपनीतून निघालेल्या लॅपटॉपला बायोसचा (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जचा) सुपरवायझर पासवर्ड राहिलेला असू शकतो, मग सिक्युअर बूट (फक्त मान्य सॉफ्टवेअरच सुरू होऊ देणारं सेटिंग) बंद करायचं म्हटलं तरी अडकलात. पैसे द्यायच्या आधी बायोसमध्ये शिरून एखादं सेटिंग बदलून सेव्ह होतंय का बघा. दुकानदार हे करू देत नसेल तर सरळ पुढचं दुकान. भावाला सांगितलंय, टोकनचे हजार गेले तरी चालतील, ते मशीन उचलू नको.