‘साहेबांच्या खेळाची थडगी’ : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया शुक्रवारी रात्री वाचली. राग आला. शनिवारी सकाळी चहा घेताना पुन्हा वाचली आणि नकाशे काढून बसलो. उत्तराला दहा दिवस लागले ते त्यामुळे, रुसलो होतो म्हणून नव्हे.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. ब्रिटनमध्ये बंद पडून बुजलेल्या गोल्फ कोर्सांवर मी मागच्या महिन्यात लेख लिहिला होता. त्यावर या वाचकांचे तीन आक्षेप आहेत. इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यातला नऊ होलचा एक छोटा कोर्स दुसऱ्या महायुद्धात नांगरला गेला असं मी ठोकून दिलं, त्याला पुरावा काय? स्कॉटलंडमधल्या आस्कर्निशच्या कोर्सला ‘सापडलेला कोर्स’ म्हणणं ही पर्यटनाची जाहिरात नाही का? आणि शेवटी, त्यांच्याच शब्दांत, ‘साहेबांच्या खेळाची थडगी मराठी माणसाने कशाला उकरावीत?’

पहिल्या मुद्द्यावर मी सपशेल चुकलो. कसा चुकलो ते सांगतो, कारण या नादाला लागलेला प्रत्येक जण इथे एकदा तरी आपटतो.

माझ्याकडे ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा खात्याचा सहा इंची (मैलाला सहा इंच) नकाशा होता. त्यावर त्या शेतात ‘गोल्फ कोर्स’ असं छापलंय आणि समासात 1938 साल आहे. युद्धानंतरच्या नकाशात तिथे नुसतं शेत. म्हणजे 1938 ला होता, नंतर नाही, मधे युद्ध. त्या युद्धात सरकारने अन्नधान्यासाठी कुरणं आणि गोल्फ कोर्स नांगरायला लावले हे तर खरंच आहे. गणित इतकं सरळ सुटलं की पुढे पाहायची गरजच वाटली नाही. तुम्ही लिहिलंत, समास नीट वाचा. वाचला. बारीक अक्षरात लिहिलंय की पाहणी 1914 ची, 1938 मध्ये फक्त भर घातली. भर म्हणजे नवे रस्ते, नवी घरं. मधल्या काळात काय नाहीसं झालं ते तपासायला प्रत्येक शेतात कोणी गेलं असेलच असं नाही. म्हणजे तो ‘गोल्फ कोर्स’ शब्द 1914 चा असू शकतो, आणि मी त्याला चोवीस वर्षं फुकट जगवलं.

मग मात्र जुनी वर्तमानपत्रं चाळली. 1919 मध्ये तिथल्या साप्ताहिकात लिलावाची जाहिरात निघाली. क्लबचं नाव, आणि खाली सामानाची यादी: घोड्याने ओढायचं गवत कापायचं यंत्र, जमीन दाबायचा एक रूळ, झेंडे, होलमध्ये बसवायचे पत्र्याचे डबे, आणि पोनीचे, म्हणजे छोट्या घोड्याचे, चामडी बूट. बूट वाचून हसू आलं, मग हसू थांबलं. हिरवळीवर नालांचे खड्डे पडू नयेत म्हणून यंत्र ओढणाऱ्या घोड्याच्या खुरांना चामड्याचे बूट चढवत. यंत्र विकलं, बूट विकले, म्हणजे घोडा आधीच गेलेला. पहिल्या महायुद्धात लष्कराने गावोगावचे घोडे नेले. आमचा पोनी त्यातच गेला की म्हातारपणाने, हे जाहिरात सांगत नाही आणि मीही आता सांगणार नाही. पण डबे विकणारा क्लब पुन्हा खेळणार नव्हता, एवढं नक्की. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे, जुनं वाक्य खोडून पण दिसेल असं ठेवलंय.

मात्र तिथे कोर्स होताच कशावरून, या तुमच्या उपप्रश्नावर मी मागे हटणार नाही. इंग्लंडची पर्यावरण संस्था विमानातून लेझरने केलेली जमिनीची मोजणी फुकट देते. तिच्यात त्या शेताचा उतार पाहिला तर मध्ययुगात बैलांनी नांगरलेल्या सरी-वरंब्यांच्या रेघा स्वच्छ दिसतात, कंगवा फिरवल्यासारख्या. एका जागी त्या रेघा अचानक तुटतात. वीसेक पावलांचा एक सपाट चौकोन, आणि त्याच्या पलीकडे त्याच रेघा पुन्हा सुरू. प्रत्यक्ष गेलो तेव्हा मेंढ्या चरत होत्या. उतारावर चालता चालता पाय एकदम सपाटीला लागतात, कडेला गुडघ्याएवढा बांध. सरी-वरंबे पुसून कोणी एवढं समतल केलं, तर त्यासाठी कारण लागतं, आणि ते ग्रीनच आहे, म्हणजे होलभोवतीची सपाट हिरवळ. शंभर पावलं खाली एक सरळसोट मातीचा धक्का आणि त्याला लागून चर आहे. व्हिक्टोरियन काळात गावाकडच्या कोर्सांवर बंकर, म्हणजे चेंडू अडवणारे अडथळे, असेच बांधत, घोड्यांच्या शर्यतीतल्या अडथळ्यांसारखे आडवे. पुरातत्त्वाच्या हौशी मंडळींना असे बांध फार जुने वाटू शकतात. शेतकऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, आमच्याकडे या तुकड्याला गोल्फ फील्डच म्हणतात. का म्हणतात ते त्याला ठाऊक नव्हतं. पायात रबरी बूट, हातात बादली, आणि माझ्याकडे बघण्यात थोडी कीव.

आता आस्कर्निश. इथे तुम्ही अर्धे बरोबर आहात, पण तुमचा अर्धा भाग माझ्यापेक्षा मोठा आहे. साउथ उइस्ट हे स्कॉटलंडच्या पश्चिमेचं बेट. 1891 मध्ये त्या काळचा नामवंत स्कॉटिश गोल्फपटू आणि कोर्स आखणारा ओल्ड टॉम मॉरिस याने तिथे आस्कर्निशला किनाऱ्यालगत अठरा होल आखले. पुढे ते वाळूत आणि गवतात विरले, 2005 च्या सुमारास टेकड्यांमध्ये त्यांचा माग काढला गेला आणि 2008 मध्ये कोर्स पुन्हा उघडला. मी हे भारावून लिहिलं. ओल्ड टॉमचा मूळ आराखडा आज उपलब्ध नाही, हे लिहायला हवं होतं. त्यामुळे आजचा कोर्स म्हणजे जाणकारांनी जमीन वाचून बांधलेला अंदाज. सुंदर अंदाज, पण अंदाजच.

याहून मोठी चूक तुम्हीही दाखवली नाहीत, ती मीच सांगतो. कोर्स आखून घेतला तो बेटाची मालकीण लेडी गॉर्डन कॅथकार्टने. तिच्या सासऱ्याने, क्लनीच्या कर्नल गॉर्डनने, 1851 मध्ये याच बेटांवरच्या कुळांना जमिनीवरून उठवून शेकडोंच्या संख्येने जहाजात कोंबून कॅनडाला पाठवलं होतं. चाळीस वर्षांनी त्याच इस्टेटीवर पाहुण्यांसाठी गोल्फ आला. एकविसाव्या शतकात कोर्स पुन्हा उभा राहू लागला तेव्हा तिथल्या काही कुळांनी चराईच्या हक्कासाठी विरोध केला, तो उगाच नव्हे. मी झेंडे आणि होल मोजले, गुरं मोजली नाहीत. लेखात ही बाजू नव्हती, आता घातली आहे.

म्हणूनच तुमच्या तिसऱ्या आक्षेपाला माझं उत्तर असं: थडगी उकरतो म्हणूनच साहेबाचे हिशेब बाहेर येतात. बंद पडलेला कोर्स नोंदवायचा तर जमीन कोणाची, भाडं कोण घेत होता, मेंढ्या कोणाच्या चरत होत्या, खेळ थांबल्यावर तिथे काय उगवलं, हे सगळं काढावं लागतं. लंडनजवळ वेम्बली पार्कात पहिल्या महायुद्धाआधी अठरा होलचा कोर्स होता. 1924 मध्ये तिथे ब्रिटिश साम्राज्याचं प्रदर्शन भरलं, त्यात भारताचाही मंडप होता. गोल्फची हिरवळ उखडून साम्राज्याचा बाजार मांडला, हे मराठीत लिहायला मला तरी संकोच वाटत नाही. आणि तुम्ही समजता तसा मी हळहळत नाही. जिथे घरं झाली तिथे घरं झाली ते बरंच झालं. स्कॉटलंडमधल्या टर्नबेरीसारख्या कोर्सवर युद्धात विमानतळ झाला, तरी मागे मोठं हॉटेल होतं म्हणून तो 1951 मध्ये परत उभा राहिला. श्रॉपशायरच्या नऊ होलांच्या मागे एक पोनी होता.

मराठी माणसाचा काय संबंध, हे राहिलंच. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या आर अँड ए (रॉयल अँड एन्शंट) या जुन्या गोल्फ क्लबमध्ये वसंतातल्या स्पर्धेत दुसऱ्या क्रमांकाला मिळणाऱ्या पदकाचं नाव आहे बॉम्बे मेडल. मुंबईत 1842 मध्येच गोल्फ क्लब निघाला होता. त्या क्लबच्या मैदानाचा शोध घ्यायचा असेल तर तो मुंबईतल्या कोणीतरी घ्यावा, मी फार लांब राहतो. पण मला वाटतं, ज्याला समास वाचता येतो त्याने तर घ्यावाच.

आणि हो, तुमच्याकडे तो सहा इंची नकाशा असावा असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. त्याच्या शेजारचं, पूर्वेकडचं पान असेल तर कळवा. आठवा आणि नववा होल त्या पानावर जातात आणि मला अजून सातच सापडलेत.