शीळ घालणारं मातीचं माकड आणि इंकांच्या नावावरची थाप

एक व्हिडिओ सगळीकडे फिरतोय. मातीचं माकड, मातीचा पक्षी, आत पाणी. भांडं कलतं केलं की शीळ वाजते. सोबतचा मजकूर असा : 'इंकांची ही भांडी त्या त्या प्राण्याचा हुबेहूब आवाज काढतात. कुंभाराचं चाक नसताना हे कसं जमलं, विज्ञानालाही कोडं आहे. शामान, म्हणजे तिथले मांत्रिक-पुजारी, यांच्या आवाजावर समाधीत जात.'

अशी भांडी खरंच होती. मजकूर मात्र टिकत नाही.

आधी इंका, म्हणजे दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतरांगांत राज्य करणारे लोक. १५३२ मध्ये तिथे स्पॅनिश फौज आली, तेव्हा त्यांचं साम्राज्य जेमतेम शंभर वर्षांचं होतं. त्याच्या दोन हजार वर्षं आधी आजच्या इक्वाडोरच्या किनाऱ्यावर चोरेरा लोक शीळवाली भांडी घडवत होते. पुढे पेरूत विकूस, मोचे, चिमू यांनीही ती केली. अँडीजमधलं जुनं काही दिसलं की 'इंका' म्हणून मोकळं व्हायचं, ही जगभरची खोड आहे.

आता आवाज. व्हिडिओतली जोडबाटली आहे : दोन पोटं, मध्ये नळी. कलती केली की पाणी एका पोटातून दुसऱ्यात जातं, तिथली हवा दाबली जाते आणि अरुंद फटीतून निघून एका पोकळ गोळ्याच्या भोकावर आदळते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर वाजतं, तेच तत्त्व. गोळा बहुधा प्राण्याच्या डोक्यात दडवलेला असतो. सूर ठरतो तो गोळ्याच्या पोकळीवर आणि भोकावर. बाहेर कोणता प्राणी आहे यावर नाही. म्हणून पक्षी खरा वाटतो, पण माकडही शीळच घालतं! १९७७ मध्ये गॅरेट आणि स्टॅटनेकोव्ह या संशोधकांनी अशा बाटल्यांचे सूर मोजले, तेव्हा त्यांचे गट पडले ते संस्कृतींनुसार.

चाक नव्हतं, हे खरं. पण चाकावर माकड घडतं कुठे? मोचे कुंभार दोन भागांचे साचे वापरत. दोन्हींत माती दाबायची, अर्धुकं जोडायची, सांधा घासून टाकायचा. पेरूतल्या चिकामा खोऱ्यात सेर्रो मायाल इथे त्यांची कार्यशाळाच साच्यांसकट सापडली आहे. चिमूंच्या भांड्यांचा काळा रंगही भट्टीत धूर कोंडून आलेला.

राहिली समाधी. जवळजवळच्या सुरांच्या बाटल्या एकत्र फुंकल्या की कानात घुमल्यासारखं होतं, हे आज कुणीही करून पाहू शकतं. त्या काळी तसं करत, याला पुरावा नाही. बरीचशी भांडी थडगी लुटणाऱ्यांनी उपसून विकली. ती कुणाच्या शेजारी ठेवलेली होती, हेच पुसलं गेलं.